स्पॉटिंग स्कोप कसा निवडावा? नाशिकच्या पक्षीनिरीक्षकांकडून आणि नेमबाजांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात बदके उतरू लागली की दर वर्षी तेच प्रश्न नव्याने येतात. काही पक्षीनिरीक्षकांचे असतात, काही नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचे असतात, तर अधूनमधून कोणी शिकारीसाठीही विचारतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पॉटिंग स्कोप म्हणजे नेमके काय? साध्या दुर्बिणीपेक्षा तो वेगळा कसा?

स्पॉटिंग स्कोप ही एका डोळ्याने पाहायची, ट्रायपॉडवर बसवून वापरायची आणि साधारण १५ पटींपासून ६० पटींपर्यंत मोठे दाखवणारी दुर्बीण आहे. गळ्यात अडकवायची दुर्बीण ८ किंवा १० पट मोठे दाखवते, कारण त्यापुढे हाताचा कंप चित्रात उतरू लागतो. स्कोप ३० पटींवर लावला, तर ३०० मीटरवर बसलेले बदक १० मीटरवर असल्यासारखे दिसते. आकाशदर्शनाच्या दुर्बिणीत चित्र बहुधा उलटे किंवा डावे-उजवे बदललेले दिसते. स्कोपमध्ये आतल्या लोलकांमुळे ते सरळ दिसते, म्हणूनच जमिनीवरच्या कामासाठी तो सोयीचा असतो.

२. माझ्याकडे अजून दुर्बीणही नाही. थेट स्कोपच घेतला तर चालेल का?

पक्ष्यांसाठी विचारत असाल, तर चालणार नाही. ८×४२ दुर्बिणीतून १००० मीटर अंतरावर साधारण १२० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर २० पटींच्या स्कोपमधून जेमतेम ३५ ते ४० मीटरचा. झाडीत हलणारा किंवा डोक्यावरून उडत जाणारा पक्षी एवढ्या अरुंद चौकटीत सापडत नाही. आधी दुर्बिणीने पक्षी शोधायचा आणि मग स्कोपने त्याचे बारकावे पाहायचे, हाच क्रम आहे. एक-दोन हंगाम दुर्बीण वापरल्यावर आपण किती वेळा पाणथळीवर जातो आणि किती वेळा रानात फिरतो हे कळते, आणि स्कोपची खरोखर गरज आहे का हेही तेव्हाच ठरते. नेमबाजीसाठी मात्र लक्ष्य जागचे हलत नसल्याने दुर्बिणीची अट नाही.

३. '२०-६०×८०' या आकड्यांचा अर्थ काय?

पहिले दोन आकडे स्कोप किती पट मोठे दाखवतो ते सांगतात. येथे नेत्रिकेवरची (डोळा लावायच्या मागच्या भिंगावरची) कडी फिरवून २० पटींपासून ६० पटींपर्यंत जाता येते. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास आहे. पट आणि व्यास यांवरून आणखी एक, सर्वांत उपयोगी आकडा काढता येतो. व्यासाला पटीने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीची रुंदी मिळते. ८० मिमीच्या स्कोपची चकती २० पटींवर ४ मिमीची असते, ४० पटींवर २ मिमीची, आणि ६० पटींवर अवघी १.३ मिमीची. स्कोप हातभर दूर धरून उजेडाकडे केला, तर हीच चकती नेत्रिकेत उजळ ठिपक्यासारखी दिसते. तिचे महत्त्व पुढच्या उत्तरात आहे.

४. जास्त पटींचा स्कोप म्हणजे जास्त चांगला स्कोप, असेच ना?

नाही. सर्वाधिक चुकीच्या खरेद्या याच समजुतीमुळे होतात, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

पट वाढवली की तीन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. पहिली गोष्ट उजेडाची. भरदिवसा आपली बाहुली दोन ते तीन मिमी उघडी असते आणि संध्याकाळी त्याहून जास्त. स्कोपमधून येणारी प्रकाशाची चकती बाहुलीपेक्षा बरीच लहान झाली, की चित्र काळवंडते आणि डोळा जरासा हलला तरी चित्र निसटते. चकती १ मिमीच्या खाली गेली, तर पक्षी मोठा दिसतो, पण त्याच्या पिसांचा रंग हरवतो. दुसरी गोष्ट कंपाची. ट्रायपॉडचा जो कंप २० पटींवर जाणवत नाही, तोच ६० पटींवर तिप्पट होऊन दिसतो. तिसरी गोष्ट हवेची. पाण्याच्या आणि तापलेल्या जमिनीच्या वर लहरणारी हवाही तितकीच मोठी होऊन दिसते (प्रश्न १० पाहावा).

चांगल्या ८० मिमीच्या स्कोपवरसुद्धा बहुतांश वेळ मी २५ ते ४० पटींमध्येच घालवतो. ६० पटी लागतात त्या थंड, स्थिर, स्वच्छ सकाळी, काही मिनिटांपुरत्या, आणि तेव्हा त्या खरोखर अमूल्य असतात. दुकानात स्कोप पाहताना कडी ६० वर नेऊन चित्र कितपत टिकते ते अवश्य तपासावे. पण निर्णय ३० पटींवरच्या चित्रावरून घ्यावा, कारण स्कोप रोज त्याच पटीवर वापरला जाणार आहे.

५. ६५ मिमी घ्यावा की ८० मिमी?

प्रकाश गोळा करण्याची क्षमता व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ६५ चा वर्ग ४२२५ आणि ८० चा ६४००, म्हणजे ८० मिमीचा स्कोप जवळपास दीडपट प्रकाश आत घेतो. पहाटे, संध्याकाळी आणि वरच्या पटींवर हा फरक उघड दिसतो. त्याची किंमत वजनाने मोजावी लागते. ६५ मिमीच्या वर्गातील स्कोप साधारण सव्वा किलोच्या आसपास असतात, तर ८०-८५ मिमीचे पावणेदोन ते दोन किलोंपर्यंत जातात, आणि त्यांना तोलणारा ट्रायपॉडही जड लागतो.

गाडी काठापर्यंत जाते अशा ठिकाणी, म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूला किंवा गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, मुख्यतः पाहणार असाल तर ८० मिमी घ्यावा. अंजनेरीसारखा चढ पाठीवर ओझे घेऊन चढायचा असेल, किंवा रेल्वे-एसटीने फिरत असाल, तर ६५ मिमीच बरा. घरी राहिलेल्या मोठ्या स्कोपपेक्षा सोबत आलेला छोटा स्कोप नेहमीच जास्त दाखवतो. ५० मिमीचे स्कोपही मिळतात. ते प्रवासाला उत्तम असतात, पण ३० पटींच्या पुढे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

६. तिरपी नेत्रिका घ्यावी की सरळ?

गटाने पाहणाऱ्यांनी ४५ अंशांत वळलेली तिरपी नेत्रिका घ्यावी. ट्रायपॉड सर्वांत बुटक्या माणसाच्या उंचीला लावला, की उंच माणूस किंचित वाकून पाहतो आणि स्कोप कोणासाठीही वर-खाली करावा लागत नाही. ट्रायपॉड बुटका ठेवता आल्याने वाऱ्यात तो स्थिरही राहतो. कड्यावर उंच बसलेली गिधाडे पाहताना मान मोडत नाही, हा आणखी एक लाभ. सरळ नेत्रिकेत पक्षी लवकर सापडतो आणि गाडीच्या काचेवर क्लॅम्प लावून पाहणे सोपे जाते. तिरप्या स्कोपमधून पक्षी शोधायची सवय व्हायला दोन-तीन सहली लागतात. बऱ्याच स्कोपच्या नळीच्या कडेवर नेम धरायची खूण असते, ती नसेल तर बारीक पट्टी चिकटवावी. नेमबाजांसाठीचा मुद्दा प्रश्न १३ मध्ये आहे.

७. ईडी काच, फ्लोराईट यांसाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे का?

साध्या भिंगात वेगवेगळ्या रंगांचे किरण एका जागी जुळत नाहीत. त्यामुळे आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या पक्ष्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी झालर दिसते, आणि ही झालर पटीबरोबर रुंद होत जाते. ईडी काच (एक्स्ट्रा-लो डिस्पर्शन, म्हणजे रंग कमी फाकवणारी काच), आणि त्याहूनही जास्त फ्लोराईटचे स्फटिक, हा दोष कमी करतात. कोवा या कंपनीच्या ८८ मिमीच्या काही स्कोपमध्ये फ्लोराईटचे भिंग असते. असे स्कोप लाखाच्या पुढेच जातात.

४० पटींच्या वर काम करायचे असेल, तर ईडी काचेसाठी पैसे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ३० पटींच्या खालीच राहणार असाल, तर बिनईडीचा पण नीट घडवलेला स्कोपही समाधान देतो. येथे एक सावधगिरी लागते. 'ईडी' ही अक्षरे नळीवर छापलेली असली म्हणजे आतली जुळणी चांगली असेलच असे नाही. पांढऱ्या बगळ्यावर किंवा विजेच्या तारेवर स्कोप लावून झालर आपल्या डोळ्यांनी पाहावी.

८. मला चष्मा आहे. काय तपासावे?

डोळा नेत्रिकेपासून किती लांब ठेवूनही पूर्ण गोल चित्र दिसते, या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मेवाल्यांना ते किमान १५ मिमी, शक्य तर १७-१८ मिमी हवे. झूम नेत्रिकेत पट बदलली की हे अंतरही बदलते, म्हणून दोन्ही टोकांना चष्म्यासकट पाहावे. फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल, तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो. तिरपा नंबर असेल, तर चष्मा ठेवावाच लागतो.

९. ट्रायपॉड घरात आहेच, तो चालेल ना?

मोबाइलसाठी किंवा लहान कॅमेऱ्यासाठी घेतलेला असेल, तर चालणार नाही. मी हे अनुभवाने सांगतो. पहिला स्कोप घेताना सगळे पैसे नळीत घातले आणि ट्रायपॉड हलका, स्वस्तातला घेतला. डिसेंबरमधील एका सकाळी गोदावरीच्या काठावर वाऱ्याचा एकच झोत आला आणि मी वहीत नोंद करत असताना सगळे धाडकन खाली गेले. पुढच्या भिंगावर झाकण होते म्हणून ते वाचले, पण नेत्रिकेची कडी तेव्हापासून ४० च्या पुढे अडकते.

एकूण खर्चाचा पाव ते तिसरा हिस्सा ट्रायपॉड आणि त्याचे हेड (स्कोप ज्यावर बसतो आणि फिरतो तो वरचा भाग) यांच्यासाठी बाजूला ठेवावा. पाय जाड नळ्यांचे असावेत, आणि मधली दांडी वर न काढता नेत्रिका डोळ्यापाशी यावी, कारण दांडी वर काढली की तीन पायांची स्थिरता एका पायावर येते. हेड व्हिडिओसाठी असते तसे फ्लुइड हेड घ्यावे. बॉल हेड छायाचित्रणाला चांगले असले, तरी पाण्यावरून सरकणाऱ्या बदकामागे स्कोप फिरवताना ते सगळ्या दिशांनी लवंडते. वारा असेल तेव्हा पाय पूर्ण न उघडता बसून पाहावे आणि मधल्या हुकाला पिशवी जमिनीला टेकेल एवढी खाली लटकवावी. अधांतरी लटकवली तर तीच झोके घेऊन स्कोप हलवते.

१०. नांदूरमध्यमेश्वरला अकरा वाजल्यानंतर सगळे धूसर दिसते. स्कोप बिघडला आहे का?

बहुधा नाही, बिघडलेली आहे ती मधली हवा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा हा जलाशय उथळ आहे आणि भोवती मोकळी शेते आहेत. ऊन चढले की जमिनीलगतची गरम हवा वर उठते, थंड हवा खाली येते आणि मधून येणारे किरण सतत वाकत राहतात. परिणामी चक्रवाक वितळत असल्यासारखा दिसतो. कितीही महाग काच घेतली तरी या हवेवर उपाय नाही. हिवाळ्यात साडेदहा-अकराच्या पुढे आणि मार्च उलटल्यावर नऊच्या सुमारासच हा त्रास सुरू होतो.

करता येण्यासारख्या गोष्टी अशा आहेत : सूर्योदयापूर्वी पोहोचावे. सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडावा. नांगरलेल्या शेतावरून किंवा डांबरी रस्त्यावरून पाहण्याऐवजी शक्य तितके पाण्यावरून पाहावे. मनोऱ्यावर चढल्यास जमिनीलगतचा सर्वांत वाईट थर टळतो. पट २० वर आणावी आणि दूरचे सोडून जवळचे पाहावे.

याच प्रकारातला एक कमी लक्षात येणारा दोष आहे. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्धच आहे. उबदार गाडीतून काढलेला स्कोप त्या थंडीत लगेच लावला, तर नळीच्या आतलीच हवा लहरते आणि फोकस काही केल्या जुळत नाही. पोहोचताच स्कोप बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवावा आणि तोवर दुर्बिणीने पाहावे. नेत्रिकेवर श्वासाची वाफ बसली, तर ती बोटाने पुसू नये, तोंड बाजूला करून ती आपोआप जाऊ द्यावी.

११. चांगला स्कोप असूनही चिखलातले छोटे पक्षी ओळखता येत नाहीत. कमी कशाची आहे?

बहुतेक वेळा वेळेची. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोन्ही चिमणीएवढे, दोन्ही राखी-तपकिरी आणि दोन्ही एकाच चिखलात. पुस्तकात फरक सोपा आहे. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. पण चिखलात चालणाऱ्या पक्ष्याचे पाय चिखलाच्याच रंगाचे होतात. गेल्या हंगामात एक टिलवा मी ४० पटींवर धरला होता. पाय काळे दिसत होते, म्हणून वहीत 'छोटा' असे लिहिलेही. तरी नजर काढली नाही. काही मिनिटांनी तो दोन बोटे खोल पाण्यात उतरला, चार पावले चालला आणि बाहेर आला, तेव्हा पायांवरचा थर धुऊन गेला होता आणि खालून पिवळसर, ओली कातडी चमकली. छातीवरची सलग राखी पट्टीही मग दिसली. नोंद खोडावी लागली.

स्कोपचे खरे सामर्थ्य असे एकाच पक्ष्यावर दहा मिनिटे थांबण्यात आहे. तेवढा वेळ डोळा आखडू नये यासाठी दुसरा डोळा मिटण्याऐवजी उघडा ठेवून हाताने झाकावा.

१२. मुलगी १० मीटर एअर रायफल शिकते. तिच्यासाठी स्कोप घ्यावा का?

रेंजवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असतील, तर घेऊ नये. प्रत्येक छर्रा कोठे लागला ते तिच्या समोरच्या पडद्यावर लगेच दिसते. कागदी लक्ष्यावर सराव होत असेल, तरच उपयोग आहे. एअर रायफलच्या लक्ष्यावरचे काळे वर्तुळ ३०.५ मिमीचे, मधला दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिमीचा आणि छर्रा ४.५ मिमीचा असतो. १५ ते २० पटी पुरेशा होतात, कारण २० पटींवर १० मीटरवरचा कागद हाताच्या अंतरावर धरल्यासारखा दिसतो.

येथे अडचण वेगळीच असते. प्रत्येक स्कोपला एक किमान अंतर असते आणि त्याच्या आत तो फोकस होत नाही. काही मोठ्या स्कोपचे हे अंतर १० मीटरच्या जवळपास येते. त्यामुळे दुकानातून बाहेर दूरची पाटी दाखवून विकलेला ८० मिमीचा स्कोप रेंजवर धूसर दिसू शकतो. माहितीपत्रकात किमान अंतर ६-७ मीटर किंवा त्याहून कमी आहे ना, हे आधी पाहावे. ५० किंवा ६० मिमीचा साधा स्कोप येथे भरपूर होतो. उरलेले पैसे चांगल्या शूटिंग जॅकेटला लावावेत.

१३. ५० मीटर आणि ३०० मीटरसाठी किती पटी लागतात?

५० मीटरवर .२२ ची गोळी ५.६ मिमीचे छिद्र पाडते. २० पटींवर ते अडीच मीटरवर असल्यासारखे दिसते, तेव्हा २० ते ३० पटींचा ६० मिमी स्कोप येथे समाधानकारक काम देतो. ३०० मीटरवर परिस्थिती बदलते. ७.६२ मिमीचे छिद्र ६० पटींवर पाच मीटरवर असल्यासारखे होते, म्हणजे कागदाच्या पांढऱ्या भागात दिसते, काळ्या भागात मुश्किलीने दिसते आणि दुपारच्या लहरत्या हवेत मुळीच दिसत नाही. येथे ८० मिमी आणि ईडी काच यांचा खर्च सार्थकी लागतो.

जी लहरती हवा पक्षीनिरीक्षकाला नकोशी वाटते, ती लांब पल्ल्याच्या नेमबाजाला कामाची असते. फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की हवेच्या लहरी स्पष्ट दिसतात. त्या डावीकडून उजवीकडे वाहत असतील, तर वारा त्याच दिशेने आहे. सरळ वर उकळत असतील, तर वारा पडलेला आहे किंवा तो लक्ष्याच्या रेषेतून, पुढून वा मागून येतो आहे. हे वाचण्यासाठी २०-२५ पटी पुरतात.

पोटावर झोपून नेम धरणाऱ्याने तिरप्या नेत्रिकेचा स्कोप बुटक्या स्टँडवर, नेम न धरणाऱ्या डोळ्याजवळ असा लावावा, की खांदा आणि कोपर न हलवता फक्त मान कलती करून पाहता येईल. दर गोळीनंतर अंगाची ठेवण मोडली, तर स्कोपने मदत होण्याऐवजी लक्ष्यावरचा छिद्रांचा पुंजकाच पसरतो.

१४. हाच स्कोप रायफलवर बसवता येईल का? किंवा रायफलचा स्कोप पक्ष्यांसाठी वापरता येईल का?

दोन्ही नाही. रायफलवरच्या स्कोपमध्ये नेम धरायची रेषाजाळी असते, डोळा धक्क्यापासून दूर राहावा म्हणून मोठे अंतर राखलेले असते आणि धक्का सोसणारी बांधणी असते. स्पॉटिंग स्कोपमध्ये सहसा यातले काही नसते. रायफलचा स्कोप पक्ष्यांकडे रोखण्यासाठी रायफलच रोखावी लागते, आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. स्पॉटिंग स्कोप हे शस्त्र नाही, त्यामुळे तो बाळगायला परवाना लागत नाही.

१५. शिकारीसाठी कोणता स्कोप चांगला?

भारतात या प्रश्नाचे उत्तर कायद्यापासून सुरू होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची आणि पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि या कायद्यातील 'शिकार' म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे, जाळे लावणे, आमिष दाखवणे, हाकणे आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे हेही त्यात येते. एअरगनने तितर-लावा टिपणे 'किरकोळ' आहे, अशी समजूत अजूनही काही ठिकाणी आढळते. ती साफ चुकीची आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबतही वनविभागाच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. म्हणून येथे शिकारीसाठी स्कोप सुचवला जाणार नाही.

काही वाचकांचे नातेवाईक शिकार कायदेशीर असलेल्या देशांत राहतात आणि त्यांच्या वतीने विचारणा होते. तेथे स्कोपचे काम नेम धरण्याचे नसते. समोरचा प्राणी परवान्यात बसतो का, नर आहे की मादी, वय किती, हे दुरून ठरवून चुकीचा प्राणी मारला जाऊ नये, यासाठी तो असतो. दिवसभर डोंगरात पायी फिरायचे असल्याने ६०-६५ मिमीचा, हलका, रबरी आवरणाचा आणि पाणी न शिरणारा स्कोप तेथे निवडतात. प्राणी पहाटे आणि संधिप्रकाशात बाहेर पडतात, म्हणून प्रश्न ३ मधील प्रकाशाची चकती तेथे विशेष महत्त्वाची ठरते.

तीच सामग्री येथे येवल्याच्या ममदापूरला काळविटांचा कळप दुरून, त्यांना न उठवता पाहायला उत्तम उपयोगी पडते.

१६. फोटोही हवे आहेत. स्कोपला मोबाइल लावू की पी १००० सारखा कॅमेरा घेऊ?

प्रामुख्याने फोटो हवे असतील, तर कॅमेरा घ्यावा. निकॉनचा पी १००० हा कॅमेरा १२५ पट ऑप्टिकल झूम देतो आणि उडता पक्षीही टिपता येतो. प्रामुख्याने पाहायचे असेल, तर स्कोप घ्यावा, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे तासभर पाहणे आणि स्कोपमधून तासभर पाहणे यांत डोळ्यांना पडणारा फरक फार मोठा आहे. स्कोपला मोबाइल लावून मिळणारा फोटो ओळख पटवण्यापुरता उत्तम असतो. त्यासाठी आपल्या नेत्रिकेच्या मापाचा अडॅप्टर घ्यावा, मोबाइलची मुख्य लेन्स वापरावी, पट २०-२५ ठेवावी आणि बोटाचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा.

१७. ऑनलाइन '१०-३००×४०' असा स्कोप अगदी स्वस्तात दिसतो. घ्यावा का?

प्रश्न ३ मधील भागाकार करून पाहावा. ४० भागिले ३०० म्हणजे ०.१३ मिमी. एवढ्या चकतीतून काळोखाशिवाय काही दिसणार नाही. जाहिरातीतला चंद्राचा फोटो त्या नळीतून काढलेला नसतो. हे पैसे ८×४२ दुर्बिणीसाठी साठवावेत.

१८. पावसाळ्यात स्कोपला बुरशी लागते. तो कसा ठेवावा?

नाशिकचा पावसाळा इगतपुरी-त्र्यंबकेश्वरइतका ओला नसला, तरी जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटातली हवा बुरशीला पुरेशी दमट असते. बुरशी भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरते आणि त्यांतून पाझरणारे आम्ल भिंगावरचा लेप कायमचा खाते. नायट्रोजन भरलेल्या स्कोपचे आतले भिंग बऱ्यापैकी सुरक्षित असते, पण बाहेरच्या काचा आणि सुटी होणारी नेत्रिका नसते.

कापडी किंवा चामडी पिशवीत स्कोप कधीही ठेवू नये, ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांत राखावा. रंग बदललेली सिलिका जेल मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. पंधरा दिवसांतून एकदा स्कोप उजेडात बाहेर काढून हवा द्यावी. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवावी, मगच मऊ कापड लावावे, कारण नदीकाठच्या धुळीतले वाळूचे कण पुसताना ओरखडे पाडतात.

१९. स्कोप घेऊन कोठेही उभे राहता येते का?

नाही. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे; हा समावेश जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला. तेथे वनविभागाच्या वेळा आणि वाटा पाळाव्यात. देवळालीच्या लष्करी परिसरात किंवा त्याच्या कडेला, पक्षी कितीही चांगला असला, तरी स्कोप आणि लांब लेन्स बाहेर काढू नये. संशय येणे स्वाभाविक असते आणि तेथील जवानांना त्यात दोष देता येत नाही.

अंजनेरीच्या कड्यावर गिधाडे पाहताना स्कोप हा खरा मित्र ठरतो, कारण कपारीतली जोडी खालच्या वाटेवरून पुरेशी दिसते आणि कड्याच्या काठाशी जाऊन तिला उठवावे लागत नाही. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला, तर आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून मागे सरकावे. निफाडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. संध्याकाळी काठावर थांबणाऱ्यांनी एकट्याने डोळा नेत्रिकेला लावून बसू नये, एकाने भोवती लक्ष ठेवावे.

२०. रात्री हाच स्कोप चंद्र-ग्रहांसाठी चालेल का?

चांगला चालतो. चंद्रावरची विवरे आणि गुरूचे चार मोठे चंद्र २० पटींवरच दिसतात, शनीची कडी ४० ते ६० पटींवर वेगळी ओळखू येते. सूर्याकडे मात्र, अगदी मावळतीलाही, स्कोप वळवू नये. डोळा क्षणात कायमचा जातो.

२१. जुना स्कोप विकत घेताना काय पाहावे?

पुढच्या बाजूने मोबाइलची बॅटरी लावून नेत्रिकेतून आणि नंतर उलट्या बाजूने आत पाहावे. बुरशीचे धागे, लेपावरचे ढगाळ डाग आणि लोलकाच्या कडेचे टवके यामुळे उघडे पडतात. झूम आणि फोकसच्या कड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवाव्यात. मध्येच घट्ट किंवा सैल लागली, तर स्कोप पडलेला असण्याचा संभव आहे. ट्रायपॉडला बसणारा पायाचा आटा झिजलेला नाही ना, ते पाहावे. मग दूरच्या विजेच्या तारेवर ४० पटींवर फोकस करून कडी किंचित पुढे-मागे फिरवावी. तार एका ठरावीक बिंदूवर झटकन धारदार झाली पाहिजे. 'आता बरे दिसते, नाही थोडे मागे बरे होते' असे सतत वाटत राहिले, तर जुळणी बिघडलेली आहे. शक्य असेल तर व्यवहारापूर्वी तो स्कोप एक सकाळ नदीकाठी नेऊन पाहावा, आणि विकणारा त्याला तयार नसेल, तर तो घेऊ नये.